साडीगार्ड काढून सायरन

नाशिकमध्ये पोलीस व्हायचं तर दोन रस्ते आहेत. पहिला त्र्यंबक रोडला जातो. तिथे महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. १९०६ साली पुण्याच्या भांबुर्ड्यात सुरू झालेली ही शाळा १९०९ मध्ये नाशिकला आली आणि तेव्हापासून राज्याला फौजदार पुरवते आहे. या रस्त्याने जायचं तर आधी एमपीएससीची पूर्व, मग मुख्य, मग मैदानी, मग मुलाखत, मग निकाल, मग निकालावर कोर्टातली तारीख. आणि एवढं सगळं होऊन वय शिल्लक राहिलंच तर पहाटेच्या अंधारात परेड. दुसरा रस्ता ॲक्सेसरीजच्या दुकानातून जातो. तिथे वयाची अट नाही, छातीचं माप नाही, चारित्र्य पडताळणी तर नाहीच नाही. दुकानदार एवढंच विचारतो, "लाल-निळा बसवू का नुसता निळा?" सकाळी गाडी टाकली की संध्याकाळी दीक्षांत.

परवा कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला अशीच एक दीक्षांत झालेली बुलेट उभी होती. मूळची काळी. वरून पांढरा स्प्रे मारलेला, पण पेट्रोलच्या झाकणाखाली घाईत राहून गेलेला काळा कंगोरा दिसत होता. टाकीवर लाल-निळे पट्टे, पुढे भलीमोठी काच, काचेवर ठळक 'पोलीस'. मागे दोन्ही बाजूंना पांढऱ्या पेट्या. एकीतून रेनकोटची बाही बाहेर आलेली. शेपटाला लवलवती अँटेना. तिच्या बुडाशी वायर नाही, यंत्र नाही, नुसता नटबोल्ट. वायरलेस म्हणावं तर इतकं अस्सल वायरलेस खात्याकडेही नसेल. हेडलाइटच्या खाली चकचकणारी लाल-निळी पट्टी. आणि खरी करामत मागच्या चाकाशी होती. साडीगार्ड काढून टाकलेलं, कारण साडीगार्डवाली बुलेट घरगुती दिसते, आणि साडीगार्डच्या रिकाम्या क्लॅम्पला सायरनचा भोंगा आवळलेला. वर बसलेला गडी बर्म्युडात, पायात स्लीपर, डोळ्यांवर गॉगल. हेल्मेट नव्हतं. पोलिसांना कोण अडवतो?

गंमत गाडीची नव्हती, आजूबाजूची होती. रिक्षावाल्याने रिक्षा फूटभर मागे घेतली. ट्रिपल सीट आलेल्या पोरांनी तिसऱ्याला खाली उतरवलं आणि तो आपण या दोघांना ओळखतच नाही असा चेहरा करून चालू लागला. कोपऱ्यावरच्या हातगाडीवाल्याने गॅस बारीक केला आणि रस्त्यावर आलेलं स्टूल आत ओढलं. मीही उगाच खिशातलं लायसन चाचपलं. सिग्नल सुटला, गडी 'हूं' असा अर्धा सायरन वाजवून कॉलेज रोडच्या दिशेने गेला. दहा-पंधरा सेकंदांसाठी त्या चौकात कायदा आणि सुव्यवस्था उत्तम होती.

आता प्रश्न असा की हे चालतं का? गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काही होत नाही साहेब, सगळे लावतात." गॅरेजवाला खोटं बोलत नाही. काही होत नाही हे खरंच आहे. मात्र चालतं का आणि काही होतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्याकडे पहिल्याचं उत्तर नेहमी दुसऱ्यावरून काढतात.

म्हणून गाडी एकदा सुटी करून बघू. पार्ट बाय पार्ट, गॅरेजमध्ये करतात तशी.

आधी दिवा. दिव्याचा या देशातला इतिहास मोठा रंगीत आहे. एके काळी लाल दिवा ज्याच्या टपावर नाही तो माणूसच नाही अशी अवस्था होती. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभय सिंह खटल्यात सांगितलं की लाल दिवा घटनात्मक पदांवरच्या मोजक्या मंडळींनाच शोभतो, बाकीच्यांनी उतरवा. बाकीच्यांनी तो हळूच पिवळा केला. मग एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ मे २०१७ पासून मोटार वाहन नियमांतल्या १०८ क्रमांकाच्या नियमातली ती मान्यवरांची तरतूदच काढून टाकली. तेव्हापासून राष्ट्रपती नाही, पंतप्रधान नाही, मुख्यमंत्री नाही, कुणालाच दिवा नाही. उरले ते कामावरचे: अग्निशामक, रुग्णवाहिका, पोलीस, आपत्तीत धावणारे. याच नियमात एक जुनं, साधं वाक्य आहे: गाडीने पुढे लाल उजेड दाखवायचा नाही आणि मागे लाल सोडून दुसरा दाखवायचा नाही. म्हणजे जो दिवा देशाच्या पंतप्रधानांनी उतरवला तो कॉलेज रोडच्या बुलेटवर चढलेला आहे. पदाची उतरंड अशी उलटी झालेली फार कमी वेळा बघायला मिळते.

मग भोंगा. नियम ११९. वेगवेगळ्या सुरांत वाजणारा, कर्कश, दचकवणारा हॉर्न कुठल्याही गाडीला लावता येत नाही. अपवाद पुन्हा तेच: रुग्णवाहिका, अग्निशामक, पोलीस आणि अशीच कामाची वाहनं. तुमच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीतली बुलेट त्या यादीत नाही. 'भावी नगरसेवक' हे पदही नाही. यादी मी दोनदा तपासली.

सायलेन्सरबद्दल फार बोलायला नको, त्याच्यावर सगळ्यांचाच राग आहे. 'इंदोरी' म्हणा, 'पंजाब' म्हणा, फटाके फोडणारा तो नळकांडा. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा पाळावी लागते. बाहेर पडल्यावर ती मर्यादा पहिल्याच गॅरेजमध्ये सुटते. त्याला कलम १९०(२): दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन तीन महिने बाद.

साडीगार्ड मात्र मला महत्त्वाचं वाटतं. नियम १२३ सांगतो की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकला जाईल असं संरक्षण हवं, कपडा अडकू नये म्हणून. अख्ख्या मोटार वाहन नियमांत मागे बसलेल्या बाईचा विचार ज्या मोजक्या ठिकाणी झालाय त्यातली ही एक जागा. आमचा हौशी शिलेदार सगळ्यात आधी नेमकी तीच काढून भंगारात टाकतो आणि त्या जागी 'बाजूला व्हा' असं ओरडणारा भोंगा लावतो. पदर चाकात गेला तरी चालेल, रुबाब जाता कामा नये.

रंगाचं ऐका, इथे जरा मजा आहे. नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. म्हणजे तुम्ही बुलेट लष्करी हिरवी केली तर रंगावरूनच अडचणीत. पण त्या नियमात पोलिसांच्या पांढऱ्याचं नाव नाही. पांढरी गाडी कुणीही ठेवावी. फक्त आरसी बुकात 'काळा' लिहिलं असेल आणि गाडी पांढरी असेल तर आरटीओत नोंद करून घ्यावी. नाशिकचं आरटीओ पेठ रोडला आहे, जाऊन यायला वेळ लागतो, पण अशक्य नाही. पांढरा रंग गुन्हा नाही. पेट्या गुन्हा नाहीत. काच गुन्हा नाही. नटबोल्टवर उभी असलेली अँटेना हाही गुन्हा नाही, ती नुसतीच केविलवाणी आहे.

या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलं कलम म्हणजे ५२. मोटार वाहन कायदा १९८८. गाडीच्या मूळ बांधणीत, कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळात यावर वाद झाला, उच्च न्यायालयाने सवलत दिली, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली: कंपनीने दिलं तसंच वापरा. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १८२अ हे कलम आलं. त्यातलं चौथं पोटकलम हौशी मंडळींनी फ्रेम करून गॅरेजमध्ये लावावं. नियमात न बसणारा सुटा भाग लावून गाडी बदललीत तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि हे पाच हजार गाडीमागे नाहीत. बदलामागे आहेत. दिवा, भोंगा, गायब साडीगार्ड, माझ्या हिशेबाने पंधरा हजार. वर सायलेन्सर. कॅनडा कॉर्नरला ती बुलेट चालत नव्हती, तिच्यावर मीटर चालू होतं. फक्त ते बघायला तिथे कुणी नव्हतं.

एवढं झालं तरी गाडी अजून 'पोलीस' झालेली नाही. काचेवरचं अक्षर उरलंय.

इथे कायदा जरा सांभाळून पाऊल टाकतो, आणि टाकावंही. भारतीय न्याय संहितेचं कलम २०४: आपण लोकसेवक आहोत असं भासवून त्या आवेशात काही केलं, तर किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं. जुन्या भादंविच्या १७० मध्ये किमान शिक्षा नव्हती, ती १ जुलै २०२४ पासून आली. कलम २०५: लोकसेवकाचा पोशाख किंवा खूण फसवण्याच्या इराद्याने वापरली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. भादंविच्या १७१ मध्ये हा दंड दोनशे रुपये होता. दोनशे रुपयांत पोलीस! आज त्या पैशात साधं स्टिकर तरी चांगलं मिळेल का शंका आहे. पण दोन्हीकडे मुद्दा इराद्याचा, वागण्याचा आहे. नुसतं स्टिकर लावून घरासमोर गाडी उभी केली तर आपोआप तोतयेगिरी होत नाही. त्या स्टिकरच्या जोरावर एखाद्याला थांबवलंत, "लायसन दाखव" म्हणालात, नाक्यावरून सुटलात, टोलवर हात दाखवलात, की मग वकील बघायला लागा.

हौशी माणसाची बाजू घ्यायला हवी, कारण तो खराही असतो. जुन्या पोलिसी बुलेटचं आकर्षण असलेली माणसं नाशकात आहेत. त्यांच्या लहानपणी बंदोबस्ताला आलेला हवालदार बुलेटवरून उतरायचा आणि गल्लीतली पोरं त्या गाडीच्या गरम इंजिनाजवळ उभी राहायची. ते वेड समजण्यासारखं आहे. एके काळी खात्याच्या लिलावातून निघालेली गाडी घेऊन, नोंदणी बदलून, पुन्हा उभी करता यायची. आता तीही वाट अरुंद झालीय: १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या भंगार केंद्रात जातात. अमेरिकेत कावासाकीची पोलीस मोटारसायकल २००५ पर्यंत बनत होती. सेवेतून निघालेल्या त्या गाड्या शौकीन लोक विकत घेतात, बोधचिन्हं आणि दिवे उतरवून फिरवतात. सूत्र सोपं आहे. गाडी ठेवा, अधिकार परत करा. आपल्याकडचा शौकीन मात्र नेमका उलटा: गाडी कुठलीही चालेल, अधिकार हवा. ज्याला खरोखर जुन्या यंत्राचं प्रेम आहे तो एलईडी पट्टीवर पैसे घालत नाही, तो मूळ मॅगडायनमो शोधत भंगार बाजार पालथा घालतो.

इंग्लंडमध्ये तर याहून भारी प्रकार आहे. तिथले काही दुचाकीस्वार पिवळंधमक जाकीट घालतात, पाठीवर निळे-पांढरे चौकोन, आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'पोलाइट'. इंग्रजी अक्षरांत फरक फक्त एका अक्षराचा. मागून येणाऱ्या मोटारवाल्याचा पाय ब्रेकवर जातो, मग त्याला कळतं की हा नुसताच सभ्य गृहस्थ आहे. तिथल्या १९९६च्या पोलीस कायद्यात ९०वं कलम आहे: लोक फसतील इतका पोलिसी अवतार केलात तरी गुन्हा. पण बिचाऱ्या पोलाइटवाल्याला एवढंच हवं असतं की मोटारीने आपल्याला उडवू नये. नाशिकच्या शिलेदाराला इतरांनी उडून जावं असं वाटतं.

आणि का वाटू नये? खरं दुखणं हे आहे. माणूस नक्कल त्याचीच करतो ज्याचं चालतं. रस्त्यावर 'पोलीस' हे अक्षर चालतं, म्हणून ते विकलं जातं. ग्रंथपालाच्या वेशातली बुलेट कुणी काढत नाही.

एकदा शहरभर फिरून गाड्यांवरची अक्षरं वाचा. 'पोलीस' हे मुख्य पद. मग उपपदं. 'पोलीस मित्र': यात पोलीस वीतभर आणि मित्र तांदळाएवढा. 'पोलीस पाटील': हे खरं, जुनं, मानाचं गावपद आहे, १९६७च्या ग्राम पोलीस कायद्यातलं, आणि मानधनावर राबणारे पाटील गावात बरंच काही निभावतात. पण त्यांच्या पाहुण्याच्या गाडीवरही तीच पाटी असते, आणि 'पाटील' नेमकं कॅरियरला टांगलेल्या पिशवीमागे गेलेलं असतं. मग 'पोलीस पाल्य'. मग काहीच न लिहिता डॅशबोर्डवर ठेवलेली खाकी टोपी, उन्हाने विटकरी झालेली. ती गेली कित्येक वर्षं कुणाच्या डोक्यावर गेलेली नाही, पण नो पार्किंगमध्ये अजून ड्यूटीवर आहे. नंबर प्लेटचं वेगळंच साहित्य: ४१४१चा 'दादा', २१४चा 'राम', ४९१२चा 'पवार'. आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची केली, मुदतीवर मुदत दिली, त्या प्लेटवर अक्षरं साच्यातली असतात, वळवता येत नाहीत. तर मंडळींनी 'दादा' उचलून मडगार्डवर नेऊन बसवला. दादा कुठे जात नाहीत.

यातली बहुतांश 'पोलीस' अक्षरं तोतयांनी लावलेली नाहीत. ती पोलिसांनी, त्यांच्या मुलांनी, मेव्हण्यांनी, आणि मेव्हण्याच्या बिल्डर मित्राने लावलेली आहेत. खासगी गाडीवर 'पोलीस' लिहू नका अशा सूचना खातं स्वतःच्या माणसांना वेळोवेळी काढत असतं. वेळोवेळी काढाव्या लागतात यावरूनच सूचनांचं काय होतं ते कळावं. हवालदाराच्या खासगी स्कूटरवर ते अक्षर असलं तर नाक्यावरचा दुसरा हवालदार ती थांबवत नाही. हे पोरगं रोज बघतं आणि एक दिवस स्वतःच्या बुलेटवर तेच लिहून घेतं. शिक्षण असंच होतं.

साहेब लोकांचंही तेच. जुलै २०२४ मध्ये पुण्यात प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी पूजा खेडकर यांची ऑडी गाजली. गाडी एका खासगी कंपनीच्या नावावर, तिच्यावर दिवा, आणि 'महाराष्ट्र शासन'ची पाटी. वाहतूक पोलिसांनी ती जप्त केली, मागची थकलेली चलानंही निघाली. पण कधी? अधिकारी बाकीच्या प्रकरणांनी रोज पहिल्या पानावर यायला लागल्यावर. तोपर्यंत ती गाडी पुण्यासारख्या शहरात, भर दिवसा, दिवा लावून फिरत होती. गाडी रस्त्यावर दिसली म्हणून कारवाई झाली नाही, पेपरात दिसली म्हणून झाली.

नाशिकला मोहिमांचं वावडं नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं, तर नाशिककरांनी पंपावर एकमेकांना हेल्मेट उसने देऊन बंधुभाव वाढवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर आयुक्त संदीप कर्णिक यांच्या पोलिसांनी भल्याभल्या 'भाईं'ना हात जोडून कॅमेऱ्यासमोर म्हणायला लावलं, 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला'. रील सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. मला त्यात काय आवडलं सांगू? एरवी रील भाई काढायचे, पोलीस बघायचे. या वेळी भूमिका बदलल्या. पण बालेकिल्ल्याला एक सवाल आहे. सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालण्याचं दृश्य आपण शहरोशहरी पाहतो, फोटो छान येतो. 'पोलीस' लिहिलेली स्टिकरं जप्त करून त्यांची होळी केल्याचा फोटो मी अजून पाहिलेला नाही. सायलेन्सर दुसऱ्याचा असतो. स्टिकर कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा हौसेचं काय घेऊन बसलात. बुलेटवाल्याने कुणाचं काय बिघडवलं? दोन गोष्टी बिघडवल्या.

एक, सायरन. द्वारका चौकात संध्याकाळी सहाला उभं राहा. तिथे खऱ्या रुग्णवाहिकेलाही वाट काढताना घाम फुटतो. तिला वाट दिली नाही तर कलम १९४ई प्रमाणे दहा हजार दंड आहे, आणि तो असायलाच हवा. पण ज्या शहरात पाच सायरनपैकी एखादा वाढदिवसाचा निघतो, तिथे मोटारवाला आरशात बघून आधी अंदाज घेतो: खरी का हौशी? त्या दोन-चार सेकंदांचं चलान कुणाच्या नावावर फाडायचं? जिल्हा रुग्णालयाच्या दारात पोचायला धडपडणाऱ्या पेशंटच्याच ना?

दुसरी गोष्ट आणखी वाईट आहे. 'पोलीस' हा शब्द ऐकला की आपल्याकडची साठीपुढची बाई हातातल्या बांगड्या काढून देते. हे विनोदाने लिहीत नाही. सकाळी देवळातून परतणारी आजी, दुचाकीवरून आलेले दोघे, "आजी, पुढे चेकिंग चालू आहे, दागिने असे घालून फिरू नका, रुमालात बांधून ठेवा, आम्ही पोलीस आहोत." रुमाल बांधायला तेच मदत करतात. घरी जाऊन सोडावा तर आत खडे. तोतया पोलिसांची ही रीत इतकी जुनी आहे की पेपरवाल्यांना बातमीचा मजकूर तोंडपाठ असेल. फक्त परिसराचं नाव आणि तोळे बदलायचे. या चोरांना दिवा लागत नाही, सायरन लागत नाही, बऱ्याचदा स्टिकरही लागत नाही. त्यांना फक्त एक तयार भीती लागते, शहराने फुकट पुरवलेली. पांढऱ्या बुलेटला बघून रिक्षा मागे घेणं आणि रुमालात बांगड्या बांधणं यात धाडसाचा फरक असेल, सवय एकच.

आणि सिंहस्थ तोंडावर आहे. २०२७ मध्ये रामकुंडाकडे लाखोंनी माणसं येतील, त्यातल्या बहुतेकांना नाशिकचा एक रस्ता माहीत नसेल. २७ ऑगस्ट २००३ ला शाहीस्नानाच्या दिवशी याच शहरात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. गर्दीत माणूस नकाशा बघत नाही, खाकी बघतो, दिवा बघतो, आणि तो जिकडे हात दाखवेल तिकडे जातो. तिथे हात दाखवणारा खरा असावा लागतो. 'साहेब' म्हणवून घेण्याची हौस असलेले स्वयंसेवक, बिल्लेवाले, झेंडेवाले, पांढऱ्या बुलेटवाले त्या वेळी घराघरातून निघतील, आणि त्यातल्या निम्म्यांना आपण मदतच करतोय असं मनापासून वाटत असेल. तेच जास्त धोक्याचं.

म्हणून निकाल सांगून टाकतो. पोलिसी थाटाची मोटारसायकल नाशिकच्या रस्त्यावर चालवता येते का? पांढरी चालते, पेट्यांची चालते, मोठ्या काचेची चालते, रंग आरसीत चढवलेला असला तर निर्धास्त चालते. दिवा, भोंगा, फटाका सायलेन्सर आणि 'पोलीस' हे अक्षर उतरवा, साडीगार्ड परत लावा, हेल्मेट घाला. एवढं केल्यावर जी उरते ती एक चांगली बुलेट असते. ती आवडत नसेल तर तुम्हाला बुलेट कधी आवडलीच नव्हती.

आयुक्तालयाला एक विनंती, फुकटातली. पुढची मोहीम कॉलेज रोडला काढू नका. एखाद्या सोमवारी सकाळी दहा वाजता, शहरातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या आणि पोलीस लाइनच्या आवारात काढा. खासगी गाडीवर 'पोलीस' दिसलं की पावती फाडा, मालक कोण आहे हे पावती फाडून झाल्यावर विचारा. नवीन कायदा लागत नाही, नवीन निधी लागत नाही. कॅमेरा न्यायला विसरू नका, तो तुम्ही एरवी विसरत नाहीच. त्यानंतर पांढऱ्या बुलेटला सिग्नलवर थांबवाल तेव्हा तिच्या मालकाला "सगळे लावतात" म्हणता येणार नाही.

आणि वाचकांनो, घरातल्या आई-आजीला आजच सांगून ठेवा: खरा पोलीस रस्त्यात दागिने काढून रुमालात बांधायला कधीच सांगत नाही. कुणी सांगितलं तर बांगडीला हात लावू द्यायचा नाही, मोठ्याने चार माणसं गोळा करायची आणि ११२ फिरवायचा.